शाल-नारळ मिळाला, आता बिलाचं बोला

नमस्कार मंडळी. मागच्या अंकात मी सहज दोन ओळी टाकल्या होत्या, की खान्देशात बसून कोणी गाणं लिहून, भिंत रंगवून, टोपल्या विणून नाहीतर शिवणकाम करून चार पैसे कमवायला बघत असेल तर अडचण कळवा. वाटलं होतं पाच-सहा पत्रं येतील. आली भरपूर, काही वहीच्या पानावर, काही व्हॉट्सअ‍ॅपवर आणि एका दादाने तर सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवला ज्यात मागे म्हैस ओरडतेय. सगळ्यांना उत्तर देणं होणार नाही, पण जे प्रश्न परत परत आले ते घेतेय, आधी पत्र आणि खाली माझं उत्तर.

ताई, मी पारोळा तालुक्यातला. अहिराणी गाणी लिहितो. दोन वर्षांपूर्वी एका चॅनलवाल्या भाऊला हळदीचं गाणं लिहून दिलं, त्याने १५०० रुपये फोनपे केले. कागद काही नाही. गाणं तुफान चाललं, लग्नसराईत प्रत्येक डीजेवर तेच. पण खाली गीतकार म्हणून त्याच्या भाच्याचं नाव. विचारलं तर म्हणतो, तुला पैसे दिले, विषय संपला. गानं मन्हं, पैसा त्यासना. काही होऊ शकतं का?

होऊ शकतं भाऊ, पण आधी डोकं शांत ठेव, फेसबुकवर शिव्या देऊ नको, कारण उद्या तोच स्क्रीनशॉट तो तुझ्याविरुद्ध काढेल.

आपल्याकडे सगळ्यांना वाटतं की पैसे घेतले म्हणजे गाणं विकलं. कायदा तसं म्हणत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, कलम १९ मध्ये साफ लिहिलंय, की हक्क दुसऱ्याच्या नावावर करायचा तर तो लेखी पाहिजे आणि देणाऱ्याची सही पाहिजे. फोनपेची एंट्री म्हणजे लेखी करार नाही. म्हणजे शब्द तुझे आहेत आणि तुझेच राहिलेत. कॉपीराइट काही ऑफिसात जाऊन नोंदवल्यावरच मिळतो असंही नाही, तू लिहिलं त्या मिनिटाला तो तुझा झाला. नोंदणी केली तर पुरावा म्हणून कामाला येते एवढंच, गाण्याच्या शब्दांसाठी सरकारी फी ५०० रुपये आहे.

आता दुसरी बाजूही ऐक. तो म्हणणार की १५०० घेतले म्हणजे गाणं रेकॉर्ड करायला तुझी तोंडी 'हो' होती, आणि ते अगदीच खोटं नाही ना. म्हणून गाणं चॅनलवरून उडवायच्या मागे लागू नको असं माझं स्पष्ट मत आहे. यूट्यूबला कॉपीराइटची तक्रार करता येते, तीन स्ट्राइक बसल्या की चॅनल बंद होऊ शकतं, पण त्याने तुला काय मिळणार? गाणं गेलं, पैसे पण गेले आणि पारोळ्यापासून साक्रीपर्यंत एकही चॅनलवाला तुला परत उभं करणार नाही. तू दोन गोष्टी माग. एक म्हणजे नाव. त्याच कायद्याचं कलम ५७ सांगतं की हक्क विकून टाकले तरी 'हे मी लिहिलंय' म्हणायचा अधिकार लेखकाकडे राहतो, त्यामुळे भाच्याचं नाव काढून तुझं टाकायलाच पाहिजे. दुसरं म्हणजे इथून पुढच्या कमाईत हिस्सा, आणि तो कागदावर.

पुरावा काय आहे तुझ्याकडे? वहीचं ते पान फाडू नको, आख्खी वही जप. त्याला पाठवलेला पहिला मेसेज, गुणगुणून पाठवलेला व्हॉइस, फोनपेची पावती हे सगळं तारखेसकट मेलवर पाठवून ठेव, फोन हरवला तर रडत बसू नको. मग साधं एक पत्र लिही, पोस्टाने पोचपावतीसकट पाठव. नाहीच ऐकलं तर जिल्हा न्यायालयात जाता येतं आणि यात एक सोय अशी आहे की दावा तू राहतोस तिथल्या कोर्टात लावता येतो, चॅनलवाला सुरतला बसलेला असला तरी. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मिळतो, बायकांना आणि एससी-एसटी लोकांना तर तिथे उत्पन्नाची अटही नाही.

चाल आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या जुन्या गाण्यावरून घेतली असं तू लिहिलंयस. ती चाल ना तुझी ना त्याची, ती आपल्या आज्यांची, झोक्यावर बसून गात आल्यात त्या. तिच्यावर कोणीच दावा सांगू शकत नाही. पण शब्द तुझे.

पुढच्या वेळी करार कर, अर्ध्या पानाचा पण चालेल. त्यात गाण्याचं नाव, कशासाठी दिलं, किती वर्षांसाठी, कुठे वाजवणार आणि पैसे किती हे असलंच पाहिजे. वर्षं लिहिली नाहीत तर कायदा पाच वर्षं धरतो, कुठे ते लिहिलं नाही तर फक्त भारत धरतो. आणि २०१२ ला कायदा बदलला तेव्हापासून गीतकार आणि संगीतकाराच्या रॉयल्टीचा हिस्सा कोणी लिहून घेतला तरी तो घेता येत नाही, वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीलाच तेवढा देता येतो. ती सोसायटी म्हणजे आयपीआरएस, गाण्यांची रॉयल्टी गोळा करून वाटते, १९६९ पासून आहे, गीतकाराला सभासद होता येतं. आपल्याकडचे गाणं लिहिणारे किती जण सभासद आहेत कोण जाणे, मला तरी आजवर एकच भेटला आणि तो पण कागद अर्धवट ठेवून बसला होता.

जाता जाता एक. असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, गाणी सगळी तोंडात. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी आणि सोपानदेवांच्या मावसभावाने ती उतरवून ठेवली म्हणून १९५१ ला त्या गेल्यावर पुढच्या वर्षी पुस्तक निघालं. तुला तर लिहिता येतं ना भाऊ, मग तारीख टाकून लिही.

ताई, आमचे आजोबा ६८ वर्षांचे आहेत, शिरपूर तालुका. आयुष्यभर तमाशात ढोलकी वाजवली, नंतर गावोगावी भजनीमंडळात. मानधन मिळतं म्हणतात, पण कात्रणं-सर्टिफिकेटं काहीच नाहीत, दोन पावसाळ्यांत घर गळलं त्यात गेलं सगळं. कसं करायचं?

मिळतं. राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना असं लांबलचक नाव आहे, लोक अजून 'वृद्ध कलावंत' म्हणतात. पूर्वी राष्ट्रीय-राज्य-जिल्हा अशा पातळ्या होत्या आणि त्याप्रमाणे रक्कम कमी-जास्त, आता सरसकट महिना ५,००० रुपये आहेत. वय ५० च्या पुढे, कलेत किमान १५ वर्षं आणि वर्षाचं उत्पन्न ६०,००० च्या आत पाहिजे. विचारपूस पंचायत समितीतच करा, एजंटाला हजार रुपये देऊ नका.

पुराव्याचं काय. आजोबांना समोर बसवा, चहा द्या आणि त्यांनी कुठल्या कुठल्या गावी यात्रेत वाजवलं ते नुसतं बोलू द्या, तुम्ही लिहीत जा. गावं निघतील पंधरा-वीस. त्यातल्या पाच-सहा ग्रामपंचायतींकडे जाऊन लेटरहेडवर दाखला मागा की अमुक साली यांनी आमच्या यात्रेत कला सादर केली. जुन्या फडातले कोणी साथीदार असतील आणि त्यांना मानधन सुरू असेल तर त्यांचं लेखी घ्या. जळगाव आकाशवाणीवर कधी वाजवलं असेल तर तसं सांगा, तिथला एखादा कागद सापडला तर सोन्यासारखा. लग्नाच्या अल्बममध्ये पण बघा हां, एका आजोबांचा फोटो नातेवाइकांच्या अल्बममध्येच सापडला होता, मागे कोपऱ्यात, गळ्यात ढोलकी, पण होता.

आणि अर्ज लावायच्या आधी फोनवर त्यांची ढोलकी रेकॉर्ड करून घ्या. अर्जासाठी नाही, असंच. हात चालतायत तोवर.

भुसावळहून लिहितोय. पेंटर आहे, तीस वर्षं झाली. आधी दुकानांच्या पाट्या करायचो, फ्लेक्स आला आणि धंदा बसला. आता शाळांच्या बोलक्या भिंती, हॉटेलांच्या भिंती करतो. हायवेवरच्या एका ढाब्याची ३८,००० ची भिंत केली, बैलजोडी, केळीची बाग, जात्यावरच्या बाया असं सगळं. १०,००० दिले, बाकी आठ महिने झाले देत नाही. वरून त्याने त्याच चित्राचे टी-शर्ट छापले. विश्वकर्मा योजनेत पेंटरला लोन मिळतं का?

दादा, तुमचं पत्र वाचून मला माझं आठवलं म्हणून आधी ते सांगते. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका मंडळाच्या महोत्सवाचं सगळं डिझाइन मी केलं, पत्रिका, स्टेजच्या मागचा पडदा, कमानी, महिनाभर रात्री जागून. पैशाचं बोलायला लाज वाटली, ओळखीचेच लोक ना सगळे. शेवटच्या दिवशी स्टेजवर बोलावून शाल, नारळ आणि एक ट्रॉफी दिली, तिच्यावर आडनाव चुकलेलं. प्रेसवाल्याचं बिल मात्र दुसऱ्या दिवशी चुकतं झालं, मांडववाल्याचं पण, कारण त्यांनी बिल दिलं होतं. मी दिलंच नव्हतं! नारळाची त्या रविवारी चटणी केली, ट्रॉफी अजून माळ्यावर आहे.

विश्वकर्माचं आधी सांगून टाकते. कारागिरांसाठीची केंद्राची योजना आहे ती, १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, त्यात १८ धंदे ठरवून दिलेत आणि पेंटर त्यात नाही. मूर्तिकार आहे, सुतार आहे, शिंपी आहे, बोर्ड रंगवणारा नाही, का नाही ते विचारू नका. तुमच्यासाठी मुद्रा कर्ज बघा, शिशु गटात ५०,००० पर्यंत तारण न देता मिळतं. पण खरं सांगू, तुम्हाला लोनची गरज नाहीये, तुमचे २८,००० अडकलेत ते सुटायला पाहिजेत.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, केलीय का? नसेल तर आजच करा, आधार आणि पॅनवर होते, पूर्ण फुकट आहे, २०२० पासून सुरू आहे. सायबर कॅफेवाला पाचशे मागतो ते त्याच्या टायपिंगचे, सरकारचे नाहीत. ती का करायची ते ऐका. २००६ चा एमएसएमई, म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांचा कायदा म्हणतो की नोंदणी असलेल्या छोट्या धंद्याचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचं. नाही दिलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, ते पण दरमहा चक्रवाढ. तक्रार एमएसएमईच्या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन टाकता येते, ती पुढे असे अडकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे जाते. शिवाय २०२४ पासून इन्कमटॅक्समध्ये असं झालंय की अशा बिलाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर समोरच्याला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही. मालक नाही घाबरत दादा, मालकाचा सीए घाबरतो. म्हणून पुढच्या बिलावर उद्यम नंबर मोठ्या अक्षरात लिहा.

पण हे सगळं नोंदणी झाल्यानंतरच्या कामाला लागू, ढाब्याच्या भिंतीला नाही. तिच्यासाठी लेखी मागणी करा, भिंतीचे फोटो, आधीच्या १०,००० ची एंट्री, रंगाच्या दुकानाच्या पावत्या जोडा. वसुलीचा दावा तीन वर्षांच्या आत लावता येतो, आठ महिनेच झालेत म्हणजे वेळ आहे.

टी-शर्टचं जरा अवघड आहे आणि हे ऐकून तुम्हाला राग येईल. गाण्याला जो नियम तो चित्राला नाही. कोणी पैसे देऊन सांगून चित्र किंवा फोटो काढून घेतला, आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर कायद्याने पहिला मालक तो सांगणारा धरला जातो. आता त्याने पूर्ण पैसेच दिले नाहीत हा तुमचा मुद्दा आहे आणि तो नोटिशीत घालाच. पण इथून पुढे कोटेशनच्या खाली एक ओळ कायम लिहा, 'चित्र फक्त या भिंतीपुरतं, इतर वापरासाठी वेगळा मोबदला'. आणि अर्धे पैसे आधी. रंगाचा डबा उघडायच्या आधी, बरं का, ब्रश ओला केल्यावर नाही.

चाळीसगाव. फोटोग्राफी करतो, वय २३. घरचे म्हणतात पुण्याला जा, इथे काही नाही. तुमचं काय मत?

तुझ्या गावात स्टेशनजवळच्या एका घरात केकी मूस राहायचे, जवळजवळ पन्नास वर्षं घराबाहेर क्वचितच पडले आणि तिथेच बसून टेबलावर भाकरी-भाजी-फुलं मांडून असे फोटो काढले की बाहेरची लोकं शोधत यायची. १९८९ ला गेले. ते घर आता कलादालन आहे, तू गेलायस का कधी? आधी जाऊन ये.

पण त्यांच्यासारखं घरात कोंडून घे असं मी म्हणत नाहीये, त्याने पोट भरत नाही. दोन वर्षं पुण्यात कोणाच्या हाताखाली काम कर, लाइट शीक, बिल कसं करतात ते शीक आणि मग ठरव. केळीवाल्यांना, डाळमिलवाल्यांना, जळगावच्या सोनारांना मालाचे चांगले फोटो लागतात आणि ते बाहेरून माणूस बोलावतात. तो माणूस तू का नाही?

आम्ही नवापूरकडचे. घरात बांबूचं काम, सुपं, टोपल्या, डाली. प्लास्टिक आल्यापासून बाजारात भाव नाही. जंगलातून बांबू आणला तर अडवतात अशी पण भीती वाटते.

तुमच्या स्टेशनवर म्हणे अर्धा बाक महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये, तसंच तुमच्या धंद्याचं आहे, एक पाय इकडे एक तिकडे. विश्वकर्मा योजनेत टोपली-चटई-झाडू विणणारे बसतात, त्यामुळे तुम्ही जरूर जा. सीएससी, म्हणजे सरकारी ऑनलाइन कामांच्या सेंटरवर आधार आणि अंगठा घेऊन नोंदणी होते, मग ग्रामपंचायतीची पडताळणी. घरात एकालाच मिळतं. पाच-सात दिवसांचं ट्रेनिंग, त्याचे रोजचे ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० चं व्हाउचर आणि हवं असेल तर ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, ते फेडलं की २ लाख. लोन घेतलंच पाहिजे असं नाही. व्हाउचर घ्या, चांगले कोयते घ्या, बास.

बांबूचं भय अर्धं खरं आहे. २०१७ ला कायदा बदलून जंगलाबाहेर लावलेला बांबू 'झाड' या व्याख्येतून काढला, त्यामुळे शेताच्या बांधावरचा तोडायला-न्यायला ती जुनी कटकट नाही. जंगलातल्या बांबूचं वेगळं, तिथे २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे तो गौण वनोपज आहे आणि गावाला सामूहिक वनहक्क मिळालेला असेल तर ग्रामसभेचा हक्क लागतो. तुमच्या गावाला तो दावा मंजूर झालाय का ते ग्रामसभेत विचारा, नसेल तर धंद्याआधी ते काम.

भावाचं म्हणाल तर सुपाला प्लास्टिकशी भांडता येणार नाही. पण भरताच्या वांग्यांसाठी, केळीसाठी, लग्नातल्या रुखवतासाठी छोट्या टोपल्या, तिथे भाव मिळतो. शहरातली लोकं मिठाई पण टोपलीत देतात हल्ली.

ताई, मी यावल तालुक्यातली, केळीच्या धाग्याच्या बॅगा करते. बचत गटात आहे. एक बॅग तुम्हाला भेट पाठवलीय. स्टॉलवर २५० ला विकते, पुण्याचा एक व्यापारी १८० ने पन्नास मागतोय. देऊ का? पीएमईजीपीचं दहा लाखांचं लोन घे असं एक जण सांगतोय, ३५ टक्के माफ होतात म्हणे.

बॅग आली बाई, सध्या टेबलावर आहे माझ्या. पहिल्यांदा उघडली तेव्हा ओल्या खोडाचा वास आला थोडा, केळीच्या बागेत पाणी दिल्यावर येतो ना तसा, मला आवडला पण पुण्याच्या बाईला नाही आवडणार, धागा अजून दोन दिवस उन्हात टाक, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरेल. पट्ट्याची तीनपेडी वेणी इतकी घट्ट आणि सारखी आहे की मी ओढून ओढून पाहिली, हलली नाही. उलटी करून पाहिली तर आतलं अस्तर एका कोपऱ्यात तिरकं गेलंय, चेनच्या शेवटाला टाका सुटलाय. वेणी घालणारा हात आणि मशीनवर बसणारा हात वेगळे आहेत का?

आता हिशोब. तू लिहिलंयस धागा ६०, अस्तर ३५, चेन-दोरा २०, कड्या १५, म्हणजे १३० रुपये माल. वेळ नऊ तास, त्यातले पाच नुसत्या वेणीला. २५० ला विकली तर हातात १२० राहिले, नऊ तासांचे. तासाला तेरा रुपये. निंदणीला गेलीस तर यापेक्षा जास्त सुटतील आणि वर बायकांशी गप्पा होतील! १८० ने दिलीस तर तासाला साडेपाच. आणि स्टॉलचं भाडं, जाण्यायेण्याचं एसटीचं तिकीट, दोन खराब झालेल्या बॅगा, हे तर तू धरलेलंच नाहीस.

माझा हिशोब असा. तासाला निदान ४० धर, नऊ तासांचे ३६०, माल १३०, झाले ४९०. वरचा किरकोळ खर्च ६०. म्हणजे स्टॉलवर ५५० च्या खाली ही बॅग द्यायचीच नाही. लोक म्हणतील महाग आहे. म्हणू दे, त्यांच्यासाठी वेणीशिवायचं छोटं काही कर, मोबाइलचं पाऊच, टेबलावरचे गोल मॅट, उरलेल्या धाग्यातलं, तासाभरात होणारं, ते १२०-१५० ला जाईल आणि स्टॉलचं भाडं तेच काढेल. व्यापाऱ्याच्या मालाला स्टॉलचा खर्च नाही, म्हणून त्याला सांग की ५०० ने दहा देते, अर्धे पैसे आधी. नाही म्हणाला तर पन्नास बॅगांचे तुझे साडेचारशे तास वाचले.

पीएमईजीपीबद्दल. नवा धंदा उभारायला सबसिडीसकट कर्ज देणारी केंद्राची योजना, ती खरी आहे. ग्रामीण भागातल्या महिलेला ३५ टक्के सबसिडी आहे, स्वतःचे फक्त ५ टक्के घालायचे, अर्ज ऑनलाइन, जिल्हा उद्योग केंद्र किंवा खादी बोर्डाकडून जातो. पण ती सबसिडी पहिल्या दिवशी हातात येत नाही, तीन वर्षं बँकेत तुझ्या नावाने अडकून पडते आणि तोवर हप्ते भरावे लागतात. महिन्याला आठ-दहा बॅगा करणाऱ्या बाईने दहा लाख घेऊन काय करायचं सांग बरं? जो 'एक जण' सांगतोय तो फाइलचे किती घेणार ते विचार आधी. उद्या गटातल्या दहा जणी मिळून खोडातून धागा काढायचं मशीन घ्यायचं ठरवलंत तर गोष्ट वेगळी, कारण घड कापल्यावर खोड बागेत पडूनच असतं, शेतकरी उलट म्हणतो घेऊन जा. तेव्हा मला परत लिही.

आत्ता काय करायचं? पंचायत समितीत उमेदचं, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानाचं तालुका ऑफिस असतं, तिथे नाव दे की मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात आमच्या गटाला स्टॉल हवाय. एकदा नाही, दर महिन्याला जाऊन विचार, कंटाळून देतील. हस्तकलेचं पहचान कार्ड काढ, केंद्राच्या हस्तशिल्प विभागाचं असतं, मेळ्यांमध्ये स्टॉल मागताना ते विचारतात. ऑनलाइन विकायचं तर जीएसटीची भीती काढून टाक, मालाची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही आणि ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात ऑनलाइन साइटवर विकायलाही जीएसटी नंबर लागत नाही, पॅनवरून एक एनरोलमेंट नंबर काढला की झालं. राज्याबाहेर पाठवायला लागलीस की मग सीएला विचार.

आणि ही बॅग. भेट म्हणून पाठवलीस, मन भरून आलं, पण मी ती भेट घेणार नाही कारण मला ती वापरायचीय. तो सुटलेला टाका मी इथे शिवून घेतला. तू मला ५५० चं बिल पाठव, व्हॉट्सअ‍ॅपवर चालेल पण छापील बिलबुक आण यावलच्या बाजारातून, वर गटाचं नाव, खाली तुझी सही. पत्रात लिहिलंयस की आजवर कोणालाच बिल दिलं नाही, म्हणजे बिल नंबर १ माझ्या नावावर येईल. पैसे मी बिल आल्यावरच पाठवणार.